नाव तिचं, शेअर माझे

१८ फेब्रुवारी, रविवार

दवाखान्यातला केरळी डॉक्टर म्हणाला, "बाबा, तुमचं ब्लडप्रेशर फार वर गेलंय. राग आला की ओरडत जाऊ नका, वहीत लिहून काढा." मी म्हटलं, मला रागच येत नाही. तो हसला. त्याच्या हसण्याचाच राग आला. वाटेत ही वही घेतली. दुकानदाराने किंमत जास्त लावली म्हणून त्याच्याशी भांडलो, पण ते डॉक्टरला सांगायचं नाही.

तर पहिला राग. तेल-वायू कंपनीचा लाभांश आज जमा व्हायचा होता. वर्षातून दोनदा येतो. आमच्या घरात पाच नावांवर शेअर आहेत: मी मुहन्ना, माझी बायको शम्सा, मुलगा हिलाल, सून राया आणि माझी थोरली बहीण झुवैना. नावं पाच, मालक एक. यात लपवण्यासारखं काही नाही, अख्ख्या गावाने हेच केलं. कंपनीने शेअर विकायला काढले तेव्हा लहान अर्जदाराला मागेल तेवढे आणि मोठ्याला कापून, असा नियम होता. मग कोण वेडा एकाच नावावर अर्ज करील? घरोघरी बायकापोरांची ओळखपत्रं गोळा झाली. शेजारच्या हमूदने तर अंथरुणाला खिळलेल्या सासूचंही सोडलं नाही, उशीखालून काढून नेलं.

इतकी वर्षं पाचही नावांचा लाभांश माझ्या खात्यात यायचा. फोन पाचदा वाजायचा, ऐकून बरं वाटायचं. आज एकदाच वाजला.

१९ फेब्रुवारी

बँकेत गेलो. काउंटरवर हिलालपेक्षाही लहान पोरगी.

"काका, नवा नियम आलाय. ज्याच्या नावावर शेअर, लाभांश त्याच्याच खात्यात."

"अगं पण शेअर माझे आहेत!"

"मग नाव तुमचं का नाही लावलंत?"

तीस वर्षं मी नगरपालिकेत इन्स्पेक्टर होतो. मी गल्लीत शिरलो की दुकानदार तराजू पुसायला लागायचे. आणि ही मला विचारते, नाव का नाही लावलंत! मागे रांगेत चौघं होते, चौघंही ऐकत होते. त्यातला हमूद तर सासूचं ओळखपत्र हातात धरूनच उभा होता. त्याचं तोंड उतरलं तेव्हा जरा बरं वाटलं.

घरी येऊन वसुली सुरू केली. शम्साचं कार्ड माझ्याच पाकिटात असतं, तिचा प्रश्न नाही. हिलालने मस्कतहून पाठवले, पण वर म्हणाला, "बाबा, यातून गाडीचा हप्ता जाईल असं वाटलं होतं." सून राया म्हणाली, "काका, मला वाटलं तुम्ही मला भेट दिलीत!" मी हसलो नाही. तिने पाठवले.

मग झुवैनाकडे गेलो. ती अंगणात तव्यावर पातळ रोट्या करत होती.

"तुझ्या खात्यात पैसे आलेत."

"आलेत."

"माझ्याकडे वळते कर. रायाला सांग, ती करून देईल."

"का?"

"का म्हणजे? माझे आहेत म्हणून."

"नाव कुणाचं आहे?"

"नाव तुझं."

"मग झालं तर," म्हणाली आणि रोटी उलटली.

मला वाटलं थट्टा करतेय. थट्टा नव्हती.

२० फेब्रुवारी

सकाळपासून डोकं भणभणतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

नवरा गेल्यावर झुवैना परत आली त्याला वीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. तेव्हापासून मी तिला छप्पर दिलंय. छप्पर वडिलांनी बांधलं, ते खरं, पण तिच्या खोलीत एसी कुणी बसवला? मी! जुना होता, पण चालतो. ती रोट्या करते, कॉफी करते, संध्याकाळी माझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालते. ते काय, घरातलं माणूस करतंच.

आणि शेअर घ्यायला पैसा कुठून आला होता? वडिलांच्या माघारी मी वरची बाग पेट्रोल पंपवाल्याला विकली, त्यातून आला. सरकारी कचेऱ्यांचे जिने कुणी चढले? मी. झुवैनाने फक्त सही केली, आणि तीसुद्धा मी बोट ठेवून दाखवलं तिथे. तेव्हा "कसला कागद आहे" असं अवाक्षर विचारलं नाही तिने. इतकी गुणी होती.

आता खालची बाग तेवढी राहिलीय. मस्कतचा एक गिऱ्हाईक ईदनंतर बघायला येणार आहे, त्याला तिथे विश्रामगृह आणि पोहण्याचा तलाव करायचाय. मी शहाणपणाने तीन वर्षांपूर्वीच बागेची हक्काची पाण्याची पाळी पंपवाल्याला भाड्याने देऊन टाकली. झाडं सुकली की तोडायला सोपी पडतात. या कागदावरही झुवैनाची सही लागेल. देईल. सही द्यायला कधी कुरकुर केलेली नाही तिने.

पण पैसे देत नाही म्हणजे काय? हिला पैसे लागतात कशाला? खाणं आमच्याकडे, कपडे ईदला आम्ही घेतो. शम्साला विचारलं, ही एवढ्या पैशांचं करणार काय? शम्सा म्हणाली, "मला काय माहीत? माझं कार्ड तर तुमच्या पाकिटात आहे." याचा आणि त्याचा काय संबंध?

२६ फेब्रुवारी

झुवैना रोज सकाळी कुठेतरी जाते. आज परत आली तर बाह्या कोपरापर्यंत पांढऱ्या, अंगाला कणकेसारखा वास. मी शम्साला म्हटलं, बघ, शेजारणींची पिठं मळून देते, पैसे हातात आल्यावर हिला गाव सुचलं. शम्सा फडकं तोंडाशी नेऊन हसली. यात हसण्यासारखं काय होतं?

१ मार्च, शुक्रवार

डॉक्टरने सांगितलंय म्हणून लिहितो.

जुम्याच्या नमाजानंतर नेहमीसारखा चिंचेखाली पाण्याचा लिलाव होता. फलजचं, आमच्या पाटाचं, पाणी अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळीने विकतात. दलाल गोलात फिरतो, माणसं भिंतीला टेकून बसतात, बोली लावतात. मी बोली लावायला जात नाही, गप्पा मारायला जातो. दलाल ओरडला, "दीड रियाल! दीड!" आणि मागून आवाज आला, "दोन."

बाईचा आवाज. सगळ्यांच्या माना वळल्या. झुवैना! हातात काठी घेऊन भिंतीच्या कडेला उभी. माझी बहीण, सैफसारख्या बापाची मुलगी, पुरुषांच्या लिलावात!

"झुवैना, घरी जा," मी म्हटलं.

"पाळी मिळाली की जाते."

"पाणी कशाला हवंय तुला?"

"बागेला."

"कुठल्या बागेला?"

"आपल्या. खालच्या."

म्हणजे माझ्याच लाभांशाच्या पैशांनी, मी विकायला काढलेली बाग, ही जिवंत करणार! तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडलो, "तीन!" ती म्हणाली, "चार." मी म्हटलं, "दहा!" म्हातारे सरसावून बसले. ती म्हणाली, "बारा." मी म्हटलं, "चाळीस!"

झुवैनाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "घे, बाबा. तुझी."

दलालाने पाळी माझ्या नावावर केली. त्याच्या जन्मात त्याने अर्ध्या तासाचं पाणी चाळीस रियालला विकलं नसेल. पुढची पाळी निघाली तेव्हा मी गप्प होतो, खिशात काही उरलं नव्हतं. ती झुवैनाने दोन रियालला घेतली. तिच्याविरुद्ध कुणी बोली लावलीच नाही. हमूदसुद्धा तोंड फिरवून दाढी खाजवत बसला.

२ मार्च

पुढची गोष्ट आणखी संतापाची. पाळी माझी, पाणी सुटलं, आता न्यायचं कुठे? वरची बाग पंपाखाली गेली. घरामागे भाजीचे वाफे होते, तिथे मीच गाडी लावायला सिमेंट ओतलं. पाटकरी फळी हातात घेऊन उभा. "साहेब, लवकर सांगा, पाणी वाहून चाललंय." पाणी वाया घालवण्याचं पाप डोक्यावर कोण घेणार? आमच्या मालकीचं दार या पाटाला आता एकच आहे. म्हटलं, सोड खालच्या बागेत.

चाळीस रियालचं पाणी बागेत गेलं आणि त्याच्यामागोमाग तिचं दोन रियालचं. पाटकरी हसला नाही, पण त्याच्या मिशा हलत होत्या.

तिथेच कळलं की पांढऱ्या बाह्या पिठाच्या नव्हत्या. नर खजुराचे तुरे आणून, शफीक नावाच्या बांगलादेशी गड्याला झाडावर चढवून, ही मादी झाडांवर पराग घालून घेत होती. खाली उभी राहून त्याला एकेक झाड नावाने सांगत होती म्हणे. त्या झाडांना नावं आहेत हे मी पार विसरलो होतो. गावाला सगळं माहीत होतं. शम्सालाही!

१४ मार्च

रमजान सुरू झालाय, म्हणून राग आवरतो. झुवैनाशी बोलणं बंद आहे. तरी रोजा सोडल्यावर ती थेंब घालायला येतेच. आज मान मागे टाकून बसलो होतो, एक थेंब पडला, दुसरा पडला, आणि वरून ती म्हणाली, "मुहन्ना, खालच्या बागेच्या कागदावर मी सही करणार नाही."

आता डोळ्यात औषध असताना माणूस उठणार कसा? पाच मिनिटं मिटून पडायचं असतं. मी डोळे मिटून म्हटलं, "मी तुला छप्पर दिलं!"

"वडिलांनी दिलं. हलू नको, थेंब गालावर येतोय."

एवढ्या मोठ्या भांडणात समोरच्याला उठता येणार नाही अशी वेळ बघून बोलायचं, याला काय म्हणावं?

१६ एप्रिल

ईद झाली. मटण चांगलं शिजलं होतं, मला गोड लागलं नाही.

मस्कतचा गिऱ्हाईक आज आला. बागेच्या दारातच थांबला. अर्धी झाडं गेलीत, पण उरलेल्यांना नव्या हिरव्या झावळ्या फुटल्यात आणि पन्नासेक घोस लटकलेत. तो म्हणाला, "अहो, तुम्ही तर फोनवर सांगितलंत बाग मेलीय!" मी म्हटलं, मरतेय, थोडा वेळ लागेल. तो घोसांकडे बघत म्हणाला, "लोंबती फळं तोडून पोहण्याचा तलाव? आमची आजी कबरीतून उठून येईल." आणि गाडी वळवून गेला.

बस्स! फार झालं. मी सरळ सलोखा समितीत तक्रार दिली. माझे शेअर आणि आजवरचा लाभांश परत मिळावा, आणि बहिणीने कागदावर सही करावी. हिलालने फोन केला, "बाबा, आत्याविरुद्ध तक्रार? लोक काय म्हणतील?" लोक म्हणतील मुहन्ना न्यायाने चालणारा माणूस आहे. शम्साने रात्रीच्या जेवणाला भात पातळ केला. मुद्दाम.

२३ एप्रिल

समितीचा शेख याकूब शाळेत माझ्याच वर्गात होता. गणितात माझं बघून लिहायचा. त्यामुळे मी निर्धास्त होतो. झुवैना कोपऱ्यातल्या खुर्चीवर, काठी मांडीवर आडवी ठेवून बसली होती. रायाला सोबत घेऊन आली होती. सून माझी, आणि बसली कुणाशेजारी बघा!

"बोल मुहन्ना," याकूब म्हणाला. "शेअर कुणाचे?"

"माझे. नाव नुसतं तिचं."

"अर्जावर तर लिहिलंय की अर्जदार स्वतःसाठी घेतोय. ते कुणी लिहिलं?"

"मीच. सगळ्यांनीच लिहिलं. तशी रीतच होती."

"म्हणजे अर्ज खोटा होता?"

"खोटा कसला? तुझ्या भावाने किती नावांवर घेतले ते सांगू?"

याकूब खाकरून पाणी प्यायला. "बरं, ते राहू दे. शेअर तुझे कशावरून?"

याच प्रश्नाची मी वाट बघत होतो. वरच्या बागेचा विक्रीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेला होता, तो त्याच्यापुढे ठेवला. "हा घे पुरावा. बाग विकली, त्याच आठवड्यात शेअर घेतले. पै न पै या बागेची आहे. तिच्या नवऱ्याची नाही, तिच्या पेन्शनची नाही, कुणाची नाही. सगळा पैसा या बागेचा!"

"नक्की?"

"शपथेवर सांगतो."

"बाग कुणाची होती?"

"वडिलांची. सगळ्यांना माहीत आहे."

"वडील गेल्यावर वाटणी झाली होती?"

"वाटणी कशाला? दोघंच तर भावंडं आम्ही."

कारकुनाने लिहिणं थांबवलं. राया मान खाली घालून नखं बघायला लागली. याकूब झुवैनाकडे वळला. "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही," ती म्हणाली. "त्याने सांगितलं ते सगळं खरं आहे."

ऐकलंत? भर समितीत तिने कबूल केलं! मी हसून याकूबकडे पाहिलं, तर तो हळूच म्हणाला, "मुहन्ना, आता गप्प बस. तुझ्या भल्यासाठी सांगतोय." म्हटलं, शाळेतली मैत्री अजून विसरला नाही गडी.

मग त्याने झुवैनाला विचारलं, तुमचं मागणं काय? ती म्हणाली, "वरची बाग गेली. तिथे आता गाड्या तेल भरतात, मी काय मागू? माझ्या नावावरचे शेअर माझ्याकडे राहू द्या, त्यातून पाणी घेईन. खालची बाग विकायची नाही. आणि तिथल्या खोलीत मी राहायला जाणार."

मी खुर्चीवरून उठलोच. "हा काय न्याय? पुरावा मी आणला!"

"हो, तूच आणलास," याकूब म्हणाला. "हवं तर कोर्टात जा. पण तिथे हाच कागद ठेवलास तर आधी वरच्या बागेतला तिचा हिस्सा मोजतील, मग घराचा. ती मागत नाहीये म्हणून ठीक आहे. तू गेलास तर ते विचारणार."

मी तडजोडीच्या कागदावर सही केली. ब्लडप्रेशर वाढलं होतं म्हणून केली, नाहीतर केली नसती. कुठे करायची ते कारकुनाने बोट ठेवून दाखवलं.

२४ एप्रिल

झुवैना गेली. एक गादी, एक ट्रंक, रोट्यांचा तवा. शफीकच्या हातगाडीत सगळं मावलं. एसी नेला नाही. मी म्हटलं, ने, मी दिलाय. म्हणाली, "तिथे पाटाचा गारवा येतो."

निदान दारात येऊन रडेल असं वाटलं होतं. कॉफीचा डबा शम्साच्या हातात देऊन म्हणाली, "वेलदोडे कमी घाल, त्याला चालत नाहीत." आणि गेली.

११ मे

डोळ्यांचे थेंब मी स्वतः घातले. एक मिशीवर, एक कानात. शम्साला सांगितलं तर म्हणते, "माझे हात कापतात. आणि हो, माझं कार्ड तेवढं द्या, बँकेतून फोन आला होता, ऑगस्टचा लाभांश घ्यायला खातं चालू आहे का म्हणून." साथ पसरतेय. हिलालनेही काल विचारलं, "बाबा, माझ्या नावावरचे ते नक्की कुणाचे?" हे सगळं एका रोटी उलटण्यावरून सुरू झालं. हमूदच्या घरात तर सासू खाटेवरून ओरडतेय म्हणे, माझे पैसे आणा.

९ जुलै

सकाळी शफीक हातगाडी घेऊन दारात आला. गाडीत झावळ्यांच्या दोन टोपल्या, वर ओलं फडकं. फडकं काढलं तर खलास जातीचे खजूर, ताजे, अर्धे पिवळे, अर्धे पिकून तपकिरी झालेले. तीन वर्षांत त्या बागेचा खजूर कुणी पाहिला नव्हता.

"हे काय?"

"बाबा, तुमचा वाटा. पहिली तोड झाली."

"कसला वाटा? मी कुठे मागितला?"

"सगळ्या मिळून तीन टोपल्या निघाल्या. अम्माने स्वतः बसून वाटल्या. म्हणाली, धर्माने बापाच्या मालात भावाचे दोन वाटे, बहिणीचा एक. दोन तुमच्या, एक तिची."

"पाण्याचे पैसे कापले असतील ना आधी? तुझी मजुरी?"

"मीपण विचारलं, बाबा. लिलावात एवढे पैसे गेले, थोडं कापा ना. ती म्हणाली, नाही कापायचं. म्हणाली, एक पाळी त्यानेपण चाळीस रियालला घेऊन दिलीय."

अपमान! दुसरं काय? सगळ्या गल्लीतून हातगाडी वाजवत आणली, सगळ्यांनी पाहिलं. हमूद विचारतो, काय रे, बहिणीने पाठवलं वाटतं? मी शफीकला म्हटलं, परत ने. शम्सा मधे पडली, टोपल्या उचलून आत घेऊन गेली, एक अक्षर बोलली नाही. हल्ली या घरात कुणी एक अक्षर बोलत नाही, मीच बोलतो.

कीड आहे का बघायला एक खाऊन पाहिला. कीड नव्हती. दुसराही पाहिला. दाराजवळच्या त्या बुटक्या झाडाचा होता, ओळखला मी. वडील त्याचा पहिला घोस झुवैनाला द्यायचे आणि मी रडायचो, मग ती त्यातले मला द्यायची.

पण ते जाऊ दे. मुद्दा तो नाही. मी पुन्हा पुन्हा दोन्ही टोपल्या बघितल्या, मुद्दाम एखादी कमी भरली असेल म्हणून. दोन्ही काठोकाठ. मूठभर इकडची तिकडे नाही. राग आलाय, पण नेमका कशाचा तेच लिहायला सापडत नाही, डॉक्टर काहीही म्हणो.

दोन माझ्या, एक तिची. एवढी काटेकोर वाटणी हिला शिकवली कोणी? आमच्या घरात तर कधी कुणी वाटणी केलीच नाही.